सेल उतरला हे कसे ओळखावे?

इयत्ता चौथी



अंधारात हातात धरायच्या दिव्याला आपल्या गावात सगळे बॅटरी म्हणतात. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात आणि बाजारात टॉर्च. मोटारसायकलच्या पेटीलाही आपण बॅटरीच म्हणतो, इन्व्हर्टरच्या पेटीलाही बॅटरीच. एका शब्दाने फार घोटाळा होतो. म्हणून या लेखात मी हातातल्या दिव्याला विजेरी म्हणेन आणि तिच्या पोटात जे बारके डबे घालतात त्यांना सेल म्हणेन. सेलचे पुस्तकातले नाव विद्युतघट असे आहे.

सेल दोन जातींचे असतात. एक साधा सेल. तो वापरला, संपला की टाकून द्यायचा. दुसरा पुन्हा भरता येणारा सेल. त्याच्यावर ‘रिचार्जेबल’ असे लिहिलेले असते. तो उतरला की चार्जरमध्ये घालून भरायचा आणि परत वापरायचा. असे शेकडो वेळा करता येते.

सेलमध्ये पाण्यासारखी वीज भरून ठेवलेली नसते. आत रसायने असतात. विजेरी लावली की त्या रसायनांत बदल होतो आणि त्यातून वीज निघते. साधा सेल गोवरीसारखा असतो. गोवरी जळून राख झाली की राखेची परत गोवरी होत नाही. भरता येणारा सेल बर्फासारखा असतो. बर्फाचे पाणी होते आणि पाण्याचे परत बर्फ करता येते. चार्जर उलटी वीज देऊन आतली रसायने पहिल्यासारखी करतो. याला चार्ज करणे म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. सेल उतरत आला हे ओळखायचे कसे? रांजणात पाणी किती आहे ते वाकून बघता येते. सेल पूर्ण बंद असतो. भरलेला सेल आणि रिकामा सेल दिसायला सारखेच. वजनही सारखेच लागते. मग बघायचे कुठून?

हा प्रश्न का महत्त्वाचा

तुम्ही म्हणाल, विजेरी बंद पडली की चार्ज करू, त्यात काय एवढे? पण विजेरी बंद पडते ती आपण ती वापरत असतानाच. म्हणजे अंधारातच.

आमच्या शिवारात आठवड्यातले काही दिवस मोटरीची लाइट रात्री असते. त्या दिवशी माझे वडील रात्री रानात जातात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मोटर चालू करायची, मग दारं धरायची. कधी रात्रीचे दोन वाजतात. बांधावर गवत गुडघ्याएवढे असते. मण्यार रात्रीच फिरते. घोणस गवतात पडून असते. पायाखाली काय आहे ते विजेरीच दाखवते. आजी म्हणते, “रात्रीच्या रानात बॅटरी म्हंजी तिसरा डोळा.”

गुरुजींनी आम्हाला एका अभ्यासातला आकडा सांगितला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज आहे. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत झाले. बहुतेक माणसे खेड्यातली. आकडा ऐकून आमचा वर्ग गप्प झाला होता. म्हणून सेल उतरल्यावर कळून उपयोग नाही, उतरण्याच्या आधी कळले पाहिजे.

लोक काय काय करतात

मी घरी आणि शेजारी विचारून पाहिले. लोकांनी पुष्कळ रीती सांगितल्या.

एक आजोबा म्हणाले, सेल उन्हात ठेवायचा म्हणजे परत भरतो. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, उन्हाने सेल भरत नाही. साधा सेल गरम झाला की उरलेल्या रसायनांचे काम जोरात चालते, म्हणून थोडा वेळ उजेड येतो. ते भांडे खरवडण्यासारखे आहे. भांडे खरवडले म्हणजे भात वाढत नाही. भरता येणारा सेल तर उन्हात मुळीच ठेवू नये. उष्णतेने तो पडल्या पडल्या लवकर उतरतो आणि त्याचे आयुष्यही कमी होते.

कुणी सेल दगडाने ठोकतात, कुणी दाताने चावतात. असे केले की सेलचे आवरण फुटून आतले रसायन बाहेर येते. ते कातडीला आणि डोळ्याला वाईट.

काही मुले सेलला तार लावून जिभेने चव बघतात. तेही करू नये. जिभेला खारट लागले म्हणजे सेलमध्ये किती शिल्लक आहे ते कळत नाही.

आणि बहुतेक लोक काय करतात? विजेरी एकदा चमकवून बघतात. टक् करून लावली, उजेड पडला, टक् करून बंद केली. “चांगली चाललीय की!” असे म्हणून खिशात घालतात. ही रीत बरोबर आहे का, ते बघायला आमच्या वर्गाने एक प्रयोग केला.

आमचा प्रयोग

साहित्य : भरता येणारे दोन पेन्सिल सेल (प्रत्येकावर २००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले), विज्ञान पेटीतला अडीच व्होल्टचा लहान बल्ब, बल्बची बैठक, तारेचे तुकडे, गुरुजींचा मल्टिमीटर, भिंतीवरचे घड्याळ, वही.

मल्टिमीटर म्हणजे वीज मोजायचे लहान यंत्र. तपासनीसाच्या हातात असते तसे. त्याला एक लाल आणि एक काळी कांडी असते. लाल कांडी सेलच्या टोपीला लावायची आणि काळी बुडाला. मग पडद्यावर आकडा येतो. तो आकडा व्होल्टमध्ये असतो. व्होल्ट म्हणजे सेल विजेला किती जोराने ढकलतो ते माप. साध्या नव्या सेलचा आकडा दीड व्होल्टच्या आसपास असतो. भरता येणाऱ्या निकेलच्या सेलचा आकडा १.२ धरतात.

कृती : सेल आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवले. सकाळी दहा वाजता दोन सेल एकापुढे एक जोडून बल्ब लावला. बल्ब बंद केला नाही. दर तासाला एका सेलचा आकडा वहीत लिहिला. पाळीपाळीने सगळ्यांनी लिहिला.

निरीक्षण :
सकाळी १० वाजता – १.३५
११ वाजता – १.२९
१२ वाजता – १.२६
दुपारी १ वाजता – १.२५
२ वाजता – १.२३
३ वाजता – १.२१
४ वाजता – १.१६
सव्वाचार वाजता – १.१०
साडेचार वाजता – १.००

साडेचार वाजता गुरुजींनी बल्ब काढायला लावला. एकच्या खाली सेल ओढायचा नाही, असे ते म्हणाले.

तुम्ही आकडे नीट बघा. अकरापासून तीनपर्यंत चार तास गेले, पण आकडा फक्त ०.०८ ने उतरला. बल्बचा उजेड तर आम्हाला सारखाच दिसत होता. मधल्या सुट्टीत आम्ही पैज लावली की आता किती राहिले असेल. कोणालाच सांगता आले नाही. आणि शेवटच्या अर्ध्या तासात आकडा धाडकन खाली आला. देवघरातल्या निरांजनाचे असेच असते. तेल असेपर्यंत ज्योत सारखी राहते. तेल संपले की मग फडफडते.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. काल रिकामे झालेले सेल तसेच ठेवले होते. चार्ज केले नव्हते. सकाळी मी मल्टिमीटर लावला तर आकडा आला १.२१! आम्ही म्हणालो, गुरुजी, सेल आपोआप भरला. गुरुजी म्हणाले, बल्ब लावा आणि परत मोजा. आम्ही बल्ब लावला. उजेड पडला, पण एका मिनिटात आकडा १.०८ वर आला आणि बल्ब पिवळा झाला. मग लगेच काढून ठेवला.

आता वहीतले दोन आकडे शेजारी ठेवा. काल तीन वाजता १.२१ होता, तेव्हा बल्ब चालू होता आणि अजून दीड तासाची वीज शिल्लक होती. आज सकाळीही १.२१ होता, पण सेल निजून होता आणि आत काही नव्हते. आकडा एकच, अर्थ वेगळा.

गुरुजींनी विचारले, बैल थकला हे कधी कळते? आम्ही सगळ्यांनी सांगितले, जू मानेवर ठेवल्यावर. गोठ्यात उभा असलेला थकलेला बैलसुद्धा ताजा दिसतो. सेलचेही तसेच.

अनुमान : १) उजेड बघून सेल अर्धा आहे की पाऊण ते कळत नाही. उतरत आल्यावरच कळते आणि तेव्हा वेळ थोडा उरतो. २) निकेलचा सेल मोजायचा तर काम करताना मोजावा, विसावा घेत असताना मोजू नये. ३) टक् करून एकदा चमकवून बघणे ही खरी परीक्षा नव्हे, कारण विसावा घेतलेला रिकामा सेलही क्षणभर उजेड देतो.

मल्टिमीटर नसेल तर

सगळ्यांच्या घरी मल्टिमीटर नसतो. त्यासाठी दोन रीती आहेत.

पहिली रीत भिंतीची. सेल चार्ज केल्यावर त्याच रात्री विजेरी घेऊन पांढऱ्या भिंतीपासून पाच पावलांवर उभे राहा. उजेडाचा गोल किती लख्ख पडतो ते नीट बघून ठेवा. नंतर रानात जायच्या आधी त्याच जागी उभे राहून विजेरी पूर्ण एक मिनिट चालू ठेवा. मनात साठ आकडे मोजा. गोल फिका पडला किंवा मोजता मोजता मंद झाला तर ते सेल चार्जरला लावा आणि दुसरे घाला. एक मिनिट महत्त्वाचे आहे. एका क्षणात काही कळत नाही.

दुसरी रीत हिशेबाची. ही मला जास्त आवडते, कारण ती अंधार पडायच्या आधी दिवसाच करता येते. सेलवर २००० असा आकडा असतो. त्याला मिलिअँपिअर-तास म्हणतात. म्हणजे सेलमध्ये किती माल मावतो ते. आमचा बल्ब ३०० मिलिअँपिअर वीज खातो. २००० भागिले ३०० केले की भागाकार ६ येतो आणि बाकी २०० उरते. म्हणजे सहा तास आणि वर थोडे. आमचा बल्ब साडेसहा तास चालला होता. सहा तासांचे १८०० आणि अर्ध्या तासाचे १५०, मिळून १९५०. हिशेब जमला! फळ्यावरचा भागाकार खरा निघाला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग गुरुजींनी अण्णांची विजेरी मागवून मोजली. तिच्यात तीन सेल आहेत आणि ती २०० मिलिअँपिअर खाते. सेल एकापुढे एक असले की प्रत्येक सेलमधून तेवढीच वीज जाते, म्हणून तीनने गुणायचे नाही. २००० भागिले २०० म्हणजे १० तास. अण्णा रात्रीला साधारण एक तास विजेरी लावतात. म्हणजे सेल दहा रात्री पुरतील. पण आम्ही दहा धरत नाही, सात धरतो. तीन तास हाताशी राखून ठेवायचे. घरात पीठ संपल्यावर दळण टाकत नाहीत, डब्याच्या बुडाशी थोडे असतानाच टाकतात.

दारामागे दिनदर्शिका टांगलेली आहे. अण्णा रानातून आले की सकाळी मी तारखेखाली एक रेघ ओढते. जास्त वेळ लागला असेल तर दोन रेघा. सात रेघा झाल्या की सेल बदलायचे. आई आता मलाच विचारते, “आज किती रेघा झाल्या गं?”

आमच्याकडे सेलचे दोन संच आहेत. एकावर पक्क्या शाईने ‘अ’ लिहिले आहे आणि दुसऱ्यावर ‘ब’. ‘अ’ विजेरीत असला की ‘ब’ भरून फडताळात असतो. म्हणजे सेल चार्ज व्हायचे आहेत म्हणून अण्णांना थांबावे लागत नाही.

सेलांची मिसळ करू नये

संचातले सेल नेहमी बरोबरच वापरावेत आणि बरोबरच चार्ज करावेत. एक जुना, दोन नवे असे घालू नयेत. साधा सेल आणि भरता येणारा सेल एकत्र तर कधीच घालू नयेत. त्याचे कारण असे. तीन सेल एकापुढे एक असतात. त्यातला एक आधी रिकामा झाला तरी बाकीचे दोघे त्याच्यातून वीज ढकलतच राहतात. मग रिकामा सेल उलटा भरू लागतो आणि बिघडतो. म्हणूनच विजेरी पार विझेपर्यंत वापरू नये. मंद झाली की थांबावे. विझवून ठेवायला विसरलो आणि ती रात्रभर जळून संपली तर सेलांचे नुकसान होते.

नुसता ठेवलेला सेलही उतरतो

फडताळात ठेवलेला भरलेला सेल हळूहळू आपोआप उतरतो. जुन्या पद्धतीचे निकेलचे सेल काही आठवड्यांतच बरेच उतरतात. २००५ साली जपानमधल्या सान्यो कंपनीने कमी उतरणारे सेल आणले. तसे सेल वर्षभर ठेवले तरी त्यांत बराच साठा राहतो. आपल्याकडचे कोणते आहेत ते पाकिटावर वाचावे. कळत नसेल तर महिना झाला की रेघा न मोजता चार्ज करून घ्यावे. यात्रेला किंवा लग्नाला परगावी जायचे असेल तर आदल्या दिवशी चार्ज करावे.

भिंतीवरच्या घड्याळात मात्र साधा सेलच बरा. घड्याळ इतकी थोडी वीज खाते की साधा सेल पुष्कळ महिने चालतो.

पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये, हे खरे का?

असे पुष्कळ मोठी माणसे सांगतात. गुरुजींनी त्याची गोष्ट सांगितली. १८९९ साली स्वीडन देशात वाल्देमार युंगनर यांनी निकेल आणि कॅडमिअमचा सेल बनवला. ते सेल पुढे पुष्कळ वर्षे घरोघरी होते. त्यांना थोडे थोडे वापरून पुन्हा पुन्हा भरले की ते तेवढेच काम करू लागत, असा काही ठिकाणी अनुभव आला. म्हणून पूर्ण उतरवून भरा असा नियम पडला. आता दुकानात मिळणारे बहुतेक पेन्सिल सेल निकेल मेटल हायड्राइडचे असतात. ते अर्धे असताना चार्ज केले तरी चालतात. त्यांना मुद्दाम उतरवत बसायची गरज नाही. नियम जुन्या सेलबरोबर आला आणि सेल बदलल्यावरही लोकांच्या तोंडी राहिला.

प्रत्येकाची रीत निराळी

घरात निकेलच्या सेलशिवाय आणखी दोन प्रकार असतात. त्यांचा नियम वेगळा आहे. तो इथे देते.

शिशाची बॅटरी : फवारणीच्या पंपात, इन्व्हर्टरमध्ये आणि काही जुन्या चार्जिंगच्या विजेऱ्यांत असते. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लान्ते यांनी ती प्रथम बनवली. भरता येणारी पहिली बॅटरी हीच. हिला रिकामे राहणे सोसत नाही. रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण खडे धरतात आणि मग ती भरत नाही. म्हणून वापरली की त्याच दिवशी चार्ज करावी, थोडी वापरली असली तरी. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी काही तास विसावल्यावर मोजली आणि आकडा १२.७ च्या आसपास आला तर भरलेली. १२.२ आला तर साधारण अर्धी. ११.९ च्या खाली आला तर जवळजवळ रिकामी. हिचा आकडा विसावल्यावरच घ्यायचा. निकेलच्या बरोबर उलट!

आमच्या आळीतल्या एका काकांनी दिवाळीनंतर फवारणीचा पंप तसाच माळ्यावर टाकला. जूनमध्ये काढला तर बॅटरी मेलेली. ऐन फवारणीच्या वेळी नवी आणावी लागली. पंप वापरात नसला तरी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा चार्ज करायचा, एवढे केले असते तर ती वाचली असती.

लिथियमची बॅटरी : मोबाइलमध्ये आणि नव्या चार्जिंगच्या विजेऱ्यांत असते. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती बाजारात आणली. ती शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिला पार शून्यावर नेऊ नये. मोबाइलवर २० टक्के दिसले की चार्जिंगला लावावे. मधेच लावले, मधेच काढले तरी चालते. बरेच दिवस ठेवायची असेल तर अर्धी भरून थंड जागी ठेवावी. बॅटरी फुगली तर वापर लगेच बंद करावा आणि मोठ्या माणसांना सांगावे.

चार्ज करताना

चार्जरची पिन भिंतीत मोठ्या माणसांनीच घालावी. भिंतीतली वीज २३० व्होल्टची असते, सेलसारखी दीड व्होल्टची नव्हे. साधा सेल चार्जरमध्ये कधीही घालू नये. तो गळतो, फुटूही शकतो. काही चार्जरचा दिवा सेल भरल्यावर हिरवा होतो आणि ते आपोआप थांबतात. साध्या चार्जरला ते कळत नाही. तो देतच राहतो. त्याच्या पाठीवर किती तास लावायचे ते लिहिलेले असते, पण ते पूर्ण उतरलेल्या सेलसाठी असते. सेल अर्धाच उतरला असेल तर तास कमी करावे लागतात. इथेही रेघांचा हिशेब उपयोगी पडतो. सेल कोमट झाला तर ठीक. हात लावू देत नाही इतका तापला तर चार्जर बंद करावा.

पूर्ण चार्ज करूनही सेल पूर्वीच्या निम्मी वेळसुद्धा टिकत नसेल तर तो म्हातारा झाला असे समजावे. वहीत रेघा असतील तर हेही कळते. म्हातारा सेल रानात नेऊ नये. रिमोटमध्ये घालावा. तिथे बंद पडला तर कुणाला साप चावत नाही.

अगदीच संपलेला सेल उकिरड्यावर टाकू नये. उकिरड्याचे खत शेतात जाते आणि सेलमधले विषारी धातू मातीत जातात. चुलीत तर मुळीच टाकू नये, तो फुटतो. २०२२ साली भारत सरकारने बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केले. ज्या कंपन्या बॅटऱ्या विकतात त्यांनीच जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायच्या, असे त्यात आहे. आमच्या वर्गात दाराजवळ एक झाकणाचा डबा ठेवला आहे. तुमच्या घरचे संपलेले सेल त्यात आणून टाका. डबा भरला की गुरुजी तालुक्याला नेऊन देणार आहेत.

लक्षात ठेवा

१) निकेलचा सेल : ठरलेल्या रेघा झाल्या की चार्ज करा. मंद झाला तर रेघा न बघता लगेच.
२) शिशाची बॅटरी : वापरली की त्याच दिवशी चार्ज करा.
३) लिथियमची बॅटरी : २० टक्क्यांजवळ आली की चार्ज करा.
४) रात्री बाहेर जायच्या आधी एक मिनिटाची परीक्षा घ्या.
५) भरलेला दुसरा संच घरात ठेवा.

स्वाध्याय

१) एका विजेरीत २४०० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल आहेत. ती ४०० मिलिअँपिअर वीज खाते. ती किती तास चालेल? एक चतुर्थांश वीज राखून ठेवायची तर किती तासांनी चार्ज कराल?
२) निकेलचा एक सेल टेबलावर ठेवून मोजला. आकडा १.२१ आला. तो भरलेला की रिकामा? लगेच उत्तर देऊ नका. आधी काय कराल ते लिहा.
३) तुमच्या घरातून रात्री बाहेर कोण जाते? रानात, गोठ्यात, दूध घालायला, की कंपनीत रात्रपाळीला? त्यांच्या हातातल्या विजेरीत कोणत्या जातीचा सेल आहे आणि तो शेवटचा कधी चार्ज केला ते आज संध्याकाळी विचारा. तारीख दिनदर्शिकेवर लिहा आणि तिच्यापुढे पहिली रेघ ओढा.

उत्तरे शनिवारपर्यंत गुरुजींच्या टेबलावर ठेवावीत.